घरी बनवलेलं लाकडी पेंडुलम घड्याळ सारखं बंद पडून राहिलंय, घर्षण नेमकं कुठं आहे ते कसं शोधायचं?

गिअरवाला_नागपूर:
राजेहो, मदत पाहिजे. दिवाळीपासून एक लाकडी घड्याळ बनवून राहिलो आहे, भिंतीवरचं, पेंडुलमवालं, वजनावर चालणारं. मोटर नाही, बॅटरी नाही. चाकं ६ मिमी प्लायची, हिंगणा रोडला एकाकडून लेझर कटिंग करून घेतली. पिनियन (मोठ्या चाकात अडकणारी छोटी दातेरी चकती) मात्र सागवानाच्या, लकडगंजातून तुकडे आणून घरीच जिगसॉ आणि कानस मारून काढल्या. शाफ्ट ३ मिमी स्टीलचे, फ्रेमच्या दोन्ही पाट्यांत पितळी नळीचे तुकडे ठोकून बुश केलेत.

गाडी, म्हणजे चाकांची साखळी, अशी आहे: ड्रमवर ग्रेट व्हील ९६ दाते, ते सेंटरच्या १२ च्या पिनियनला फिरवते. सेंटर व्हील ६४, पुढं ८ ची पिनियन. थर्ड व्हील ६०, पुढं परत ८ ची पिनियन, आणि शेवटी एस्केप व्हील ३० दात्यांचं, त्याचा व्यास ८ सेंमी. ड्रमचा व्यास ६ सेंमी. अँकर, म्हणजे पेंडुलमच्या झोक्यासोबत एस्केप व्हीलचे दाते एकेक करून सोडणारा दोन जिभांचा तुकडा, डेडबीट टाईपचा (एस्केप व्हीलला मागं न ढकलणारा). पेंडुलम मीटरभर आहे आणि तो थेट अँकरच्याच शाफ्टवर घट्ट बसवलाय, त्या शाफ्टला दोन्हीकडं स्केटिंगच्या चाकातले ६०८ बेअरिंग.

प्रॉब्लेम असा की फेब्रुवारी-मार्चमध्ये हे घड्याळ बऱ्यापैकी चालायचं, एकदा किल्ली दिली की दिवस निघायचा. आता कधी वीस मिनिटं, कधी तासभर, आणि मंग टिकटिक बारीक होत होत बंद. धक्का दिला की परत चालू. वजन ३ किलोचं होतं (दोन लिटरच्या बाटलीत रेती), ते ४ केलं, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. शिलाई मशीनचं तेल सगळ्या बुशमध्ये आणि दात्यांवर सोडलं. त्यानं तर उलट जास्तच लवकर बंद पडून राहिलं, काहून ते कळत नाही.

आता ५ किलो करू, का सगळीकडं बेअरिंग टाकू? घरचे म्हणतात तो कूलरच्या समोरचा खिळा आता फोटो लावायला दे.

सदरचा_बंड्या:
वजन वाढव भाऊ. माझ्याकडं जुनं टोल्याचं घड्याळ होतं त्यात स्प्रिंग जोरदार टाकली आणि चालू झालं. ५ नाही तर ६ कर. लाकूड आहे, घासून घासून आपोआप बसेल.

बुटीबोरी_फिटर:
बंड्या, स्प्रिंगचं पितळी घड्याळ वेगळं आणि हे वेगळं. याला वजन वाढवायला सांगू नको, लाकडाचे दाते तुटतील आणि दोरी सुटली तर खाली कोणाच्या पायावर ५ किलो.

गिअरवाला, आधी हिशोब बघ म्हणजे वजनाचा नाद सुटेल. ग्रेट व्हीलपासून सेंटरला ८ पट, तिथून थर्डला ८ पट, तिथून एस्केपला साडेसात पट. गुणाकार ४८०. ड्रमची त्रिज्या ३ सेंमी, एस्केप व्हीलची ४ सेंमी. म्हणजे ड्रमवर ३ किलो टांगलं तर एस्केपच्या दात्याच्या टोकाशी, मधे कुठंच काही अडत नाही असं धरलं तरी, साधारण ४.७ ग्रॅमचा जोर पोहोचतो. पाच रुपयाचं पितळी नाणं निदान ६ ग्रॅमचं असतं, त्याच्याहून कमी. तू एक किलो वाढवलास तेव्हा त्या टोकाला दीड ग्रॅम वाढला, पण ग्रेट व्हील आणि सेंटरच्या बुशवर सगळा भार वाढून बसला, तिथलं घर्षणही वाढलं.

आता हेच उलटं वाच. एस्केपच्या दात्याशी १ ग्रॅमएवढी अडचण झाली, कुठं काजळी आहे, कुठं शाफ्ट तिरपा आहे, तर तिची भरपाई करायला ड्रमवर ६४० ग्रॅम जास्तीचे लागतात. तीच अडचण ड्रमच्या शाफ्टवर असती तर घड्याळाला पत्ताही लागला नसता. म्हणून घर्षण शोधायचं ते वरच्या टोकाकडून, एस्केप आणि अँकरकडून खाली. लोकं ड्रम आणि मोठी चाकं चकाचक करतात, तिथं बेअरिंग टाकतात, कारण ती मोठी दिसतात.

असं कर. वजन काढून ठेव. अँकर पूर्ण बाहेर काढ. वजन लावलेलं असताना अँकर काढशील तर सगळी चाकं भिंगरीसारखी सुटतील आणि वजन धाडकन खाली, एखादा दाता जाईलच, म्हणून आधी वजन. मंग रिकामी बाटली टांग आणि तिच्यात थोडी थोडी रेती टाकत जा, एका हातानं खालून बाटली धरून. चाकं आपोआप फिरायला लागली की थांब आणि बाटली तोल. माझ्या मते तुझ्या ३ किलोच्या पाव भागात, म्हणजे पाऊण किलोच्या आत ती सुटली पाहिजेत. दीड-दोन किलो लागत असेल तर अर्धा जोर गाडीतच खर्च होतोय आणि अँकरकडं काही उरत नाही.

ती सुटली नाहीत तर सगळं खोल. एकेक शाफ्ट एकटाच दोन पाट्यांमधे लाव, बाकीची चाकं बाहेर. बोटानं हलकी टिचकी मार. चांगला बसलेला शाफ्ट बराच वेळ फिरतो आणि थांबताना थोडा मागं येऊन थांबतो, कारण चाकाची एक बाजू किंचित जड असतेच. कडक असेल तर जिथं असेल तिथं गपकन थांबतो. मंग फ्रेम आडवी धरून उलटी-सुलटी कर, शाफ्ट स्वतःच्या वजनानं टक्क आवाज करत या पाटीकडून त्या पाटीकडं सरकला पाहिजे. लाकडी कामात ही आडवी मोकळीक अर्धा ते एक मिमी ठेवायची, त्याहून कमी नको.

आणि ते पितळी नळीचे तुकडे हॅक्सॉनं कापले असतील ना? नळी कापली की आतल्या कडेला बारीक धार उभी राहते, डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते. ती शाफ्टला कानशीसारखी खाते. मोठा ड्रिल बिट हातात धरून नळीच्या तोंडाशी दोन-तीन वेळा फिरव, निघून जाते. मंग एक सरळ ३ मिमी सळई दोन्ही पाट्यांच्या बुशमधून एकदम आरपार घाल. दोन बोटांनी फिरवताना कुठं जड लागली तर भोकं समोरासमोर नाहीत. दोन्ही पाट्या क्लॅम्प करून एकत्रच ड्रिल केल्या होत्या का?

तेलाचं उत्तर सोपं आहे. लाकडाच्या दात्यावर तेल कधीच नाही. तेल लाकडात मुरतं, दाते चिकट होतात, वरून आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ बसून लेप तयार होतो. पितळी घड्याळातसुद्धा घड्याळजी दात्यांना तेल देत नाहीत, फक्त शाफ्टच्या टोकांना, तेही सुईच्या अणीवर मावेल एवढं, आणि अँकरच्या दोन जिभांना. तुझे दाते पेट्रोलच्या फडक्यानं पुसून वाळव, बारीक पॉलिश पेपर मार आणि वरून ६बी पेन्सिल घास. ग्राफाइट कोरडं राहतं, धूळ धरत नाही. लेझरची काळी काजळी अजून दात्यावर असेल तर तीही याच हाताला निघेल. ती भुकटी गळून बुशमधे जाते.

गिअरवाला_नागपूर:
काका, एवढं लिहिलं त्याबद्दल खूप आभार. पाट्या क्लॅम्प करून ड्रिल केल्या होत्या, पण हातातल्या ड्रिलनं, स्टँड नव्हता. बाटलीवाली टेस्ट आज रात्री करतो. बेअरिंगचं सांगा ना, एस्केपला ६०८ टाकू का? माझ्याकडं उरलेले आहेत.

बुटीबोरी_फिटर:
नको. ते स्केटिंगचे बेअरिंग माणूस उचलायला बनवलेत, त्यात घट्ट ग्रीस आणि रबराचं सील असतं. ५ ग्रॅमच्या जोरासाठी ते ग्रीसच ब्रेक होतं. टाकायचेच असतील तर ३ मिमीच्या शाफ्टचा छोटा ६२३ घे, पत्र्याच्या शील्डचा, रबराचा नाही, आणि पेट्रोलमधे बुडवून ग्रीस पूर्ण धुऊन कोरडा लाव. पण मी तुझ्या जागी असतो तर एस्केपला बेअरिंग न टाकता शाफ्टची टोकंच बारीक केली असती. ओळखीचा लेथवाला असेल तर ३ चं दीड मिमी करून घे. भार तोच, घासणारी त्रिज्या अर्धी, घर्षणाचा पीळही अर्धा. जुन्या घड्याळातल्या एस्केपच्या शाफ्टची टोकं सुईसारखी असतात ती याचसाठी.

धरमपेठ_टिकटिक:
फिटरकाकांचं सगळं पटलं पण मला वाटतं अर्धा आजार त्या पेंडुलमच्या टांगणीत आहे. पोस्ट परत वाचा, पेंडुलम थेट अँकरच्या शाफ्टवर आणि तो शाफ्ट ६०८ बेअरिंगवर. म्हणजे पेंडुलमचं पूर्ण वजन ग्रीसवाल्या बेअरिंगवर लटकून आहे आणि दर सेकंदाला ते बेअरिंग दोन-तीन अंश इकडं, दोन-तीन अंश तिकडं, एवढंच हलतं. गोळ्या नीट फिरतही नाहीत, जागच्या जागी ग्रीसमधे चिकट-सूट चिकट-सूट करत बसतात.

याची टेस्ट एकदम सोपी आहे. एस्केप व्हील काढ किंवा अँकर त्याच्यापासून लांब कर, आणि पेंडुलम एकटाच चार-पाच सेंमी बाजूला नेऊन सोड. मागं एक पट्टी चिकटवून ठेव म्हणजे झोका किती कमी झाला ते दिसेल. नीट टांगलेला मीटरभराचा जड पेंडुलम एकट्यानं अर्धा तास तर सहज हलतो. तुझा पाचेक मिनिटांतच गार पडत असेल तर गाडी कितीही सुधारली तरी फायदा नाही, एस्केपकडून येणारे ते चार ग्रॅम सगळे त्याच बेअरिंगमधे जाणार.

उपाय शेकडो वर्षं जुना आहे. पेंडुलम पातळ पोलादी पट्टीवर टांगायचा. पट्टी वाकते, घासत काही नाही. कुठल्याही टूव्हीलर स्पेअरच्या दुकानात फिलर गेज मिळतो, व्हॉल्वची गॅप मोजायचा, त्याच्यातली ०.०५ किंवा ०.१ ची पान काढ. लांबी दोन-तीन सेंमी पुरते. वरचं टोक दोन लाकडी गुटक्यांत घट्ट पकडून भिंतीकडच्या फ्रेमला, खालचं टोक पेंडुलमच्या काठीला. पकडताना पट्टी मुरगळली नाही पाहिजे, एक बाजू ताणलेली एक ढिली असं झालं की पेंडुलम झोके घेताना आपल्याभोवती पण फिरायला लागतो.

मग अँकरच्या शाफ्टवर फक्त अँकर आणि एक खाली येणारी काडी, तिच्या टोकाला फाटा, त्या फाट्यात पेंडुलमची काठी. फाट्यात काठीला कागदाच्या जाडीएवढी मोकळीक ठेव. घट्ट असला तर घासतो, जास्त ढिला असला तर प्रत्येक झोक्याला ढकलायचा जोर मोकळ्या जागेतच वाया जातो. तिथं पण ग्राफाइट.

आणि बीट बघ. बीट म्हणजे टिक आणि टॉक मधलं अंतर दोन्हीकडं सारखं पाहिजे. टिक-टॉक....टिक-टॉक.... असं लंगडं ऐकू येत असेल तर अँकर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी सुटतोय. पाणसळ लावून फ्रेम सरळ केली म्हणजे बीट येतंच असं नाही, फ्रेम सरळ असून काडी वाकडी असू शकते. कानानंच जमवायचं, रात्री कूलर बंद करून.

लकडगंज_कट्टा:
सगळे मशीनवाले बोलून राहिले, लाकडाचं कोणी बोललंच नाही. भाऊनं स्वतःच लिहिलंय ना, फेब्रुवारी-मार्चला चालत होतं आणि आता चालत नाही, आणि घड्याळ कूलरच्या समोर!

फेब्रुवारीपासून आपल्याकडं हवा कोरडी होत जाते, लाकूड सुकतं, आकसतं. तू तेव्हा कापलं, तेव्हा जुळवलं. मंग एप्रिल-मेमधे ४५ डिग्रीला कूलर सुरू केला. बाहेर हवा कडकडीत कोरडी आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यातून आलेली ओली हवा, चोवीस तास, थेट घड्याळावर. लाकडासाठी तुझ्या खोलीत जूनच्या आधीच पावसाळा लागला. दारं-खिडक्या फुगतात तसं हे पण फुगणारच.

आता कोणतं लाकूड कसं फुगतं ते बघ. प्लायचे थर आडवे-उभे असतात, त्यामुळं चाक गोलाईत फारसं वाढत नाही, पण बाक खाऊ शकतं. फिरताना चाकाची कड डुलते का बघ, शेजारच्या चाकाला किंवा पाटीला एकाच जागी घासत असेल. खरी गडबड सागवानाच्या पिनियनमधे असणार. तू फळीतून चकती काढली असशील, म्हणजे रेषा पिनियनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडं आडव्या गेल्यात. लाकूड रेषेच्या लांबीत जवळजवळ वाढत नाही, रेषेला आडवं वाढतं. सागवान बाकी लाकडांपेक्षा शहाणं आहे तरी २० मिमीच्या चकतीत ओलीनं ०.१ ते ०.२ मिमीचा फरक येऊ शकतो, आणि तोही एकाच दिशेनं. गोल पिनियनची लांबट पिनियन झाली. ८ दात्यांच्या बारक्या पिनियनला एवढं खूप झालं. अर्ध्या फेरीत दाते मोकळे, अर्ध्या फेरीत एकमेकांत रुतलेले.

व्हर्नियर आहे ना? प्रत्येक पिनियन रेषेच्या दिशेत मोज, मंग आडवी मोज. आकडे लिहून टाक इथं.

कूलरचं वारंही आहेच. पेंडुलमची चकती चपटी असेल आणि वारं तिच्या तोंडावर येत असेल तर झोका बिघडतो. पण ते कूलर बंद केल्या केल्या कळेल. फुगलेलं लाकूड मात्र कूलर बंद केल्यावरही आठवडाभर तसंच राहील, म्हणून कूलर बंद करून लगेच फरक पडला नाही तर माझं म्हणणं चूक असं समजू नको.

गिअरवाला_नागपूर:
सगळ्यांचं करून पाह्यलं, रिपोर्ट देतो.

बाटलीची टेस्ट: अँकर काढून रेती टाकत गेलो, चाकं पावणेदोन किलोला सुटली. तीही सुटली की थोडी फिरून मधेच अडकायची, बाटली हलवली की परत चालू. काका म्हणाले ते अर्धा जोर गाडीत खर्च, तेच निघालं.

एकेक शाफ्ट वेगळा लावला. ड्रम आणि सेंटर मस्त. एस्केप ठीक, पण बुशमधे ती धार होती, ड्रिल बिट फिरवल्यावर पितळेचा गोल केसासारखा तार निघाला, त्यानंतर टिचकीवर खूप जास्त फिरला. थर्डचा शाफ्ट आडवा सरकतच नव्हता, मोकळीक शून्य. त्याच्या मागच्या बुशचं तोंड पाटीच्या आत थोडं पुढं आलं होतं, ते कानस मारून बसवलं.

तरी चाकं एकत्र लावली की अडकणं चालूच. मंग थांबलं की प्रत्येक चाकावर वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करत गेलो. एस्केप व्हील दर वेळी वेगळ्या जागी, सेंटर पण वेगळं, पण थर्डच्या शाफ्टची खूण जवळजवळ दर वेळी एकाच बाजूला. थर्डच्या शाफ्टवरची पिनियन मोजली: रेषेच्या दिशेत २०.० मिमी, आडवी २०.२. कट्टा भाऊ, तुमचे पाय कुठंयत? एस्केपवरच्या पिनियनमधे फरक कमी आहे, ०.१ च्या आसपास.

पेंडुलम एकटा सोडला, बेअरिंगवर पाच मिनिटांच्या आत जवळजवळ मेला. फिलर गेजची ०.०५ ची पान कॉटन मार्केटजवळच्या स्पेअरवाल्याकडून आणली, सध्या तात्पुरती दोन गुटक्यांत पकडून टांगलाय. सोडला, चहा केला, पिऊन झाला, दूधवाल्याचा हिशोब झाला, तरी पट्टीवर निम्म्याहून जास्त झोका बाकी होता. विश्वासच बसत नाही.

आता प्रश्न: पिनियन नवीन कशाच्या करू? सागवानच परत, आडवे-उभे थर चिकटवून? की अ‍ॅक्रिलिक? आणि तोपर्यंत दोन शाफ्टमधलं अंतर वाढवून दाते एकमेकांपासून थोडे लांब केले तर चालेल का?

बुटीबोरी_फिटर:
शाब्बास. खुणा करायची टेस्ट मी सांगायला विसरलो होतो आणि तू स्वतःच केलीस. तुझ्या गाडीत सेंटर तासाला एक फेरी, थर्ड साडेसात मिनिटाला एक, एस्केप मिनिटाला एक. त्यामुळं थांबण्याची वेळ बघूनही अंदाज येतो. दर मिनिटाला लंगडत असेल तर एस्केप, साडेसात मिनिटांच्या पटीत मरत असेल तर थर्ड. आणि दर वेळी मिनिटकाटा ९ च्या आसपास असताना थांबत असेल तर काटा शेपटीकडून हलका आहे, कारण ९ ला त्याला सगळ्यात जास्त उचलावं लागतं. तेव्हा शेपटीला थोडं शिसं किंवा वॉशर चिकटवायचा.

अंतर वाढवायचं विचारलंस, वाढव पण जपून. दाते जास्त खोल गेले तर एकाचं टोक दुसऱ्याच्या बुडाशी रुततं, जास्त लांब केले तर टोकाला टोक लागून अडकतात, आणि अडकल्यावर वाटतं की घर्षणच आहे. अर्ध्या मिमीच्या वर जाऊ नको. थर्डच्या एका बाजूचं बुश लांबट भोकात बसवून सरकवता येईल असं कर, चालता चालता जागा सापडते.

पिनियनसाठी माझं मत, दाते कापूच नको. सायकलचे स्पोक घे, २ मिमीचे असतात, सरळ, गुळगुळीत, स्टेनलेसचे घेतले तर गंजत नाहीत. प्लायच्या दोन चकत्या कर, दोन्ही एकत्र क्लॅम्प करून गोलाकार ८ भोकं पाड, यावेळी ड्रिल स्टँडवर, आणि त्यात स्पोकचे तुकडे बसव. पिंजऱ्याची पिनियन म्हणतात तिला. दात्याऐवजी गोल सळया. लाकूड फुगलं तरी सळया गोलच राहतात, घासणारा पृष्ठभाग पोलाद, तेल लागत नाही. चाक ढकलणारं आणि पिनियन ढकलली जाणारी, या कामाला ती फार चांगली चालते, कारण दाता सळईला मधली रेषा (दोन शाफ्टना जोडणारी) ओलांडल्यावरच मुख्य ढकलतो. आठ दात्यांच्या कापीव पिनियनमधे दाता रेषेच्या आधीच भिडतो आणि आत येताना घासतो, ते घर्षण सगळ्यात वाईट. तुझ्या चाकांच्या दात्यांची टोकं कानशीनं थोडी गोल करावी लागतील, ते करत करत जुळव. आधी एस्केपवरची कर, मंग थर्डवरची. सेंटरची १२ ची आहे, तिला हात लावू नको.

अ‍ॅक्रिलिक चालेल पण ठिसूळ आहे आणि लेझरच्या कडेला ताण राहतो, चिरतं.

महालचा_म्हातारा:
पिंजऱ्याची पिनियन वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. जॉन हॅरिसन, ज्यानं समुद्रावर जहाजात बिनचूक चालणारं घड्याळ बनवलं तो, मुळात सुतार. त्यानं इंग्लंडात ब्रॉकल्सबी पार्कला १७२२ च्या सुमारास मनोऱ्यातलं घड्याळ लाकडी बनवलं, आणि ते तेलाशिवाय चालतं, आजही. त्या काळी तेल म्हणजे प्राण्यांची चरबी, थंडीत घट्ट, उन्हाळ्यात चिकट. त्यानं तेलाचा प्रश्न सोडवण्यापेक्षा तेलच काढून टाकलं. बुशसाठी लिग्नम व्हिटे नावाचं लाकूड वापरलं, ते आतूनच तेलकट असतं, आणि पिनियनमधे दात्यांऐवजी त्याच लाकडाच्या फिरत्या गोल रूळ्या, पितळेच्या काड्यांवर. म्हणजे फिटरसाहेबांच्या स्पोकची थोरली बहीण. स्पोकवर पितळी नळीचे बारके तुकडे ढिले सोडले तर तुमची पण फिरती रूळी होईल, पण पहिल्यांदा साधंच करा, नाहीतर १६ तुकडे कापताना वैताग येऊन घड्याळ माळ्यावर जाईल.

सदरचा_बंड्या:
म्हणजे वजन वाढवायचं नाही?

बुटीबोरी_फिटर:
नाही बे.

गिअरवाला_नागपूर:
अपडेट. दोन्ही पिनियन स्पोकच्या केल्या. एस्केपवाली दुसऱ्यांदा करावी लागली कारण एक भोक पाव मिमी बाहेर गेलं आणि घड्याळ दर मिनिटाला एका ठराविक जागी श्वास रोखायचं. दाते पेट्रोलनं पुसून, पॉलिश पेपर मारून ६बी पेन्सिलीनं घासलेत, माझी बोटं अजून काळी आहेत आणि आईच्या पडद्यालाही लागलंय, त्यावर इथं चर्चा नको.

अँकर काढून टेस्ट: चाकं आता सहाशे ग्रॅमला सुटतात आणि मधे कुठं अडकत नाहीत. फिलर गेजवर पेंडुलम, काडी आणि फाटा वेगळा. ३ किलोवर घड्याळ रात्रभर चाललं, सकाळी पण चालूच, आता अडीचवर आणून बघणार आहे. कूलरसमोरून काढून आतल्या खोलीत विटेच्या भिंतीवर लावलं, इथं कूलरची हवा येत नाही.

आता एक नवीनच. काल दुपारी मस्त चाललेलं घड्याळ वजन साधारण पेंडुलमच्या चकतीच्या उंचीला आल्यावर थांबलं. वजनाची बाटली स्वतःच हळूहळू झोके घेत होती! हे घर्षण आहे का अजून काही?

धरमपेठ_टिकटिक:
हे घर्षण नाही, पण उभ्या मोठ्या घड्याळांचा जुना ओळखीचा आजार आहे. दोरीवर लटकलेलं वजन म्हणजे पण एक पेंडुलमच. ते खाली येता येता दोरीची लांबी पेंडुलमच्या लांबीएवढी झाली की दोघांचा झोका जुळतो आणि पेंडुलमची ताकद फ्रेममधून वजनाकडं जायला लागते. आठवड्याला किल्ली देण्याच्या घड्याळांत म्हणूनच ते आठवड्यात एका ठराविक वारी बंद पडतं आणि घरच्यांना वाटतं भूत आहे. फ्रेम डुलते म्हणून हे होतं. फ्रेमला वर एकच खिळा असेल ना? खाली दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू मारून भिंतीला घट्ट आवळ. बाटली भिंतीला किंवा फ्रेमला लागत नाही ना तेही बघ.

गिअरवाला_नागपूर:
एकच खिळा होता. खाली दोन रावळ प्लग मारले. आज वजन त्याच उंचीवरून खाली गेलं, घड्याळ चालूच. वेळ मात्र रोज साधारण दोन मिनिटं मागं पडतेय, त्याचं काय?

महालचा_म्हातारा:
चकतीखाली नट आहे ना, तो वर फिरवा. मीटरच्या पेंडुलमला चकती १ मिमी वर गेली की घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद पुढं जातं, म्हणजे तुम्हाला पावणेतीन मिमी. परदेशी घड्याळाच्या आराखड्यावरून पेंडुलमची लांबी ९९.४ सेंमी घेतली असेल तर नागपुरात ती ९९.२ च्या जवळ पाहिजे, विषुववृत्ताकडं गुरुत्वाकर्षण थोडं कमी असतं म्हणून. रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १६७२ मधे पॅरिसचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत केयेनला गेला तेव्हा ते रोज अडीच मिनिटं मागं पडायचं, त्यालाही पेंडुलम आखूडच करावा लागला. नट एकदम नका फिरवू, एक फेरी, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा.